हवामानासाठी खाजगी पैसा लागणारच, पण रिस्क कोण घेणार ते आधी ठरवा

हवामान बदलावरची कुठलीही मोठी परिषद घ्या, गाडी शेवटी पैशापाशी येऊन थांबते आणि मग ठरलेलं उत्तर येतं की सरकारांकडे एवढा पैसा नाही, खाजगी क्षेत्राकडे भरपूर आहे, तेव्हा दोघांनी मिळून करावं. 2024 मध्ये अझरबैजानच्या बाकूला झालेल्या परिषदेतही तेच झालं. श्रीमंत देशांनी पुढाकार घेऊन 2035 पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचे असं ठरलं, आणि त्याच्या जोडीला सरकारी-खाजगी सगळे मार्ग धरून वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलरपर्यंत जायचं असं आवाहनही कागदावर आलं. या दोन आकड्यांमध्ये वर्षाला 1 लाख कोटी डॉलरचं अंतर आहे आणि त्यातला मोठा भाग खाजगी पैशाने भरून निघेल असं बऱ्याच जणांनी मनाशी धरलेलं आहे.

आता माझं मत आधीच सांगून टाकतो. खाजगी पैसा हवा, नक्की हवा, पण तो कोणी दान म्हणून देत नाहीये हे आपण चर्चेत सारखं विसरतो. कंपनी किंवा बँक आज पैसे घालते ते वीस-पंचवीस वर्षांत व्याज आणि नफ्यासकट परत घेण्यासाठीच, आणि ते परत देणारे दोनच जण असतात, एक वीज-पाणी-तिकिटाचं बिल भरणारा आणि दुसरा टॅक्स भरणारा, म्हणजे शेवटी तेच लोक. त्यामुळे पीपीपीने, म्हणजे सरकारी-खाजगी भागीदारीने, फुकटात नवीन पैसा येतो हे खरं नाही. येतो तो वेळ. आज जे बांधायला पाहिजे ते आज बांधून होतं आणि त्याची किंमत पुढच्या काळात थोडी थोडी फेडली जाते. आणि ही किंमत किती असेल ते एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे करारात कुठली रिस्क कोणाच्या डोक्यावर टाकलीय. सरकार चांगलं की खाजगी चांगलं हा वाद आपण वर्षानुवर्षं घालतोय, पण खरी मारामारी त्या रिस्कच्या वाटपात आहे आणि तिथे कोणी बघतच नाही.

हे हवामानाच्या कामात जास्त महत्त्वाचं का, तर सोलर आणि विंडच्या खर्चाचा आकारच वेगळा आहे. कोळशाच्या प्लांटला सुरुवातीला पैसे लागतात आणि मग रोज कोळसा विकत घ्यावा लागतो, तो खर्च वर्षानुवर्षं पसरतो. सोलरमध्ये जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी, ऊन फुकट. म्हणजे पंचवीस वर्षांची वीज तुम्ही एकदम आधीच विकत घेऊन ठेवल्यासारखं असतं, आणि ती लोन काढून घेतलेली असते, त्यामुळे व्याजदर दोन-चार टक्क्यांनी वर-खाली झाला की युनिटचा रेट लगेच हलतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचं म्हणणं आहे की मोठ्या सोलर प्रकल्पांसाठी भांडवलाची किंमत विकसनशील देशांमध्ये श्रीमंत देशांच्या दुपटीहून जास्त पडते. पॅनल तेच, ऊन उलट जास्त, तरी गरीब देशाला भुर्दंड, कारण बँकेला भीती वाटते की पैसे वेळेवर मिळतील का, सरकार बदललं की करार मोडेल का, चलन घसरलं तर काय. ही भीती कमी करणं हेच सरकारचं पीपीपीमधलं खरं काम, आणि ते नीट केलं तर सबसिडी न देताही रेट खाली येतो.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातला रीवा सोलर पार्क. 750 मेगावॅटचा, 250-250 चे तीन भाग करून 2017 च्या फेब्रुवारीत लिलाव झाला आणि पहिल्या वर्षाचा रेट 2 रुपये 97 पैसे निघाला, पुढची पंधरा वर्षं दरवर्षी 5 पैशांची वाढ धरून. त्याच्या वर्षभर आधी देशातला सगळ्यात कमी रेट 4 रुपये 34 पैसे होता. पॅनल स्वस्त होत होते हे खरंच आहे, सगळं श्रेय कराराला देणं बरोबर नाही, पण रीवाचा करार बघण्यासारखा आहे. केंद्र आणि राज्याच्या कंपन्यांनी मिळून एक वेगळी कंपनी काढली, तिने जमीन आणि आतली वीज वाहून नेण्याची सोय स्वतः केली, म्हणजे डेव्हलपरला सातबारा घेऊन फिरावं लागलं नाही. वीज घेणाऱ्याने बिल थकवलं तर काय, यासाठी एकाखाली एक तीन जाळ्या लावल्या, आधी बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेने दिलेली पेमेंटची हमी, मग एक वेगळा फंड, आणि त्याच्याही खाली राज्य सरकारची हमी. वीज तयार आहे पण ग्रिड बंद आहे अशा वेळेची भरपाईही लिहून ठेवली. सरकारने कंपन्यांना रेटसाठी थेट अनुदान असं काही दिलं नाही. दिलं ते एवढंच की जमीन, ग्रिड आणि बिलाचे पैसे या तीन गोष्टींची जबाबदारी घेतली, आणि बांधकाम, पॅनलची कामगिरी, खर्च वाढणं हे सगळं कंपनीवर सोडलं. दिल्ली मेट्रोसारखा दूरचा ग्राहकही त्यातून वीज घ्यायला तयार झाला.

मला यात जे तत्त्व दिसतं ते साधं आहे. जी रिस्क सरकारच्या स्वतःच्या वागण्यातून तयार होते ती सरकारने घ्यायची, जी कंपनीच्या हातात आहे ती कंपनीने. जमीन, परवानग्या, लाईन, वेळेवर पेमेंट, धोरण न बदलणं ही सरकारची बाजू. यात वेगळं मोठेपण काही नाही, पण जगभर पीपीपी फसलेत ते बहुतेक वेळा इथेच.

आता दुसरं टोक बघा. केनियाच्या उत्तरेला, तुर्काना तलावाच्या जवळ, भन्नाट वाऱ्याच्या वाळवंटी पट्ट्यात 365 पवनचक्क्या उभ्या आहेत, 310 मेगावॅट, आफ्रिकेतल्या मोठ्या विंड प्रकल्पांपैकी एक. खाजगी कंपनीने पवनचक्क्या 2017 मध्ये उभ्या करून दाखवल्या. पण वीज न्यायची कशी, 428 किलोमीटरची लाईन टाकायचं काम सरकारी कंपनीकडे होतं, तिने ते एका स्पॅनिश ठेकेदाराला दिलं, तो ठेकेदार दिवाळखोरीत गेला आणि लाईन तयार व्हायला 2018 चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात पवनचक्क्या नुसत्या उभ्या, पण करारात लिहिलेलं होतं की लाईन वेळेवर नसेल तरी भरपाई द्यावी लागेल, त्यामुळे न मिळालेल्या विजेसाठी केनियाच्या डोक्यावर अब्जावधी शिलिंगचं देणं आलं. वर्ल्ड बँक या प्रकल्पातून 2012 मध्येच बाहेर पडली होती, ग्रिड एवढी वीज घेऊ शकेल का, नाही घेतली तरी पैसे मोजावे लागतील याची तिला काळजी होती.

लोक हे उदाहरण देऊन म्हणतात बघा, खाजगी कंपनीने सरकारला लुटलं. मला तसं वाटत नाही. लाईन सरकारची जबाबदारी होती, उशीर सरकारच्या बाजूने झाला, तेव्हा भरपाई सरकारने देणं हे रीवाच्याच तत्त्वात बसतं. चूक वेगळीच आहे. जी जबाबदारी पेलायची क्षमता नाही, जिच्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले नाहीत, ती सही करताना कोणी गंभीरपणे घेतली नाही. हमी देताना खिशातून काही जात नाही ना, म्हणून ती फुकट वाटते, आणि बजेटमध्ये तिचा आकडा कुठेच दिसत नाही. शिवाय तिथे आणखी एक रिस्क होती जी कोणीच मोजली नाही, ती म्हणजे तिथल्या पशुपालक समाजांची जमीन. 2021 मध्ये मेरूच्या कोर्टाने निकाल दिला की या प्रकल्पासाठी दीड लाख एकर जमिनीची कागदपत्रं ज्या पद्धतीने केली ती बेकायदेशीर होती. प्रकल्प उभा राहून वीज विकायला लागल्यावर हा निकाल येतोय. जनावरं चारायला ज्यांची ती जमीन पिढ्यानपिढ्या वापरात होती त्यांना विचारायचं काम कंपनीचं की सरकारचं, हे दोघांनी एकमेकांवर सोडलं की असंच होणार, आणि मला हे त्या भरपाईपेक्षा जास्त लागतं, कारण पैसे फेडता येतात.

सरकारने शब्द मोडला की काय होतं तेही बघायला पाहिजे. 2019 मध्ये आंध्र प्रदेशात नवीन सरकार आलं आणि आधीच्या सरकारने केलेले सोलर-विंडचे करार महाग आहेत म्हणून रेट कमी करायला निघालं, कंपन्या कोर्टात गेल्या, 2022 मध्ये हायकोर्टाने सांगितलं की करारात ठरलेला रेट द्या. दरम्यान तीन वर्षं थकबाकी आणि भांडण. स्पेनने तर आधी भरमसाठ रेट जाहीर केले, लोकांनी धडाधड सोलर लावलं, 2008 च्या मंदीनंतर पैसे परवडेनात म्हणून जुन्या प्रकल्पांचेही रेट कापले आणि मग आंतरराष्ट्रीय लवादांमध्ये पन्नासच्या आसपास केसेस अंगावर आल्या. ते जुने रेट जास्त होते का, तर हो, बहुतेक होतेच. पण जास्त रेटचा करार करणं ही एक चूक आणि तो नंतर मोडणं ही दुसरी, आणि दुसरीची किंमत पुढच्या प्रत्येक टेंडरमध्ये व्याजदर बनून भरावी लागते, जे त्या भांडणात कधी नव्हतेच अशा ग्राहकांना सुद्धा.

याच्या उलट, सगळीच रिस्क सरकारने घ्यायची हेही तितकंच वाईट. घानामध्ये विजेची टंचाई होती तेव्हा घाईघाईत एकामागून एक करार केले, त्यातले बरेच असे की वीज घ्या किंवा नका घेऊ, पैसे द्या. 2019 मध्ये तिथल्या अर्थमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं की न वापरलेल्या विजेसाठी वर्षाला 50 कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागतायत, कारण क्षमता 5 हजार मेगावॅटच्या वर गेली होती आणि सर्वात जास्त मागणी त्याच्या निम्म्याहून थोडीच वर होती. पाकिस्तानात 1994 च्या धोरणापासून कपॅसिटी पेमेंटचा हाच फास बसलाय आणि तो बिलातून सामान्य माणूस भरतोय. हे प्रकल्प बहुतांश गॅस, तेल, कोळशाचे होते, पण म्हणून हरित प्रकल्पात असं होणार नाही असं समजायचं काही कारण नाही, कराराचा साचा तोच आहे. ब्रिटनमध्ये शाळा, हॉस्पिटलं, जेलं खाजगी पैशाने बांधायची जी पीएफआय नावाची पद्धत होती, तिच्यात 700 हून जास्त प्रकल्प झाले आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारी ऑडिट ऑफिसने दाखवलं की 2040 च्या दशकापर्यंत अजून 199 अब्ज पाउंड द्यायचे बाकी आहेत. त्याच वर्षी सरकारने नवीन पीएफआय करार बंद केले. सरकार स्वतः बाजारात लोन काढतं तेव्हा ते कंपनीपेक्षा स्वस्तात मिळतं, मग महाग पैसा का घ्यायचा, तर बऱ्याचदा कारण एकच असतं की असं केलं की कर्ज सरकारच्या हिशोबात दिसत नाही. हिशोबात न दिसणं हे पीपीपी करायचं सगळ्यात वाईट कारण आहे. उलट प्रत्येक हमीचा आकडा बजेटसोबत छापला पाहिजे, ती कधी अंगावर आली तर किती पडेल ते लिहून.

बरं, एवढं सगळं करून खाजगी पैसा येतोय तरी किती? 2015 च्या सुमाराला विकास बँकांनी घोषणा केली होती की अब्जांमधून लाख कोटी उभे करू, म्हणजे सरकारी पैशाचा एक डॉलर लावला की मागे खाजगी डॉलरची रांग लागेल. 2019 मध्ये लंडनच्या ओडीआय या संस्थेने हिशोब केला तर विकास बँकांच्या एका डॉलरमागे खाजगी आले सरासरी 75 सेंट, आणि सगळ्यात गरीब देशांमध्ये फक्त 37. श्रीमंत देशांनी 2009 मध्ये कबूल केलेले वर्षाला 100 अब्ज डॉलर, जे 2020 ला द्यायचे होते, ते पहिल्यांदा 2022 मध्ये पूर्ण झाले, ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशोबाने 115.9 अब्ज, आणि त्यात या सरकारी पैशामागे आलेला खाजगी वाटा होता 21.9 अब्ज. ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये 130 लाख कोटी डॉलरची मालमत्ता सांभाळणाऱ्या वित्तसंस्थांनी एकत्र येऊन नेट झिरोची, म्हणजे जेवढा कार्बन हवेत जाईल तेवढा काढून हिशोब शून्यावर आणायची, शपथ घेतली होती, केवढा गाजावाजा झाला, आणि 2024 च्या डिसेंबरपासून पुढच्या महिनाभरात अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बँका बँकांच्या त्या आघाडीतून एकामागून एक बाहेर पडल्या. त्याच ग्लासगोत दक्षिण आफ्रिकेला कोळसा सोडायला 8.5 अब्ज डॉलर जाहीर झाले, बारकाईने बघितलं तर त्यात निव्वळ अनुदान 4 टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक कर्ज आणि हम्या. शपथा आणि जाहीरनाम्यांवर प्लॅनिंग करता येत नाही, करारावर करता येतं, एवढंच यातून मी घेतो. इन्व्हेस्टर वाईट आहेत म्हणून नाही, त्यांच्याकडचा पैसा पेन्शनवाल्यांचा, ठेवीदारांचा असतो आणि तो परत करायची जबाबदारी त्यांच्यावर असते, ते हिशोब बघणारच.

नफ्याच्या बाजूचं बोललं जात नाही ते पण बोलू. तोटा झाला तर सरकार, फायदा झाला तर कंपनी, हा जो राग लोकांच्या मनात असतो तो बरोबर आहे, आणि त्यावर उपाय आहे. ब्रिटनमध्ये विंडसाठी जो सीएफडी नावाचा करार करतात त्यात एक रेट ठरतो, बाजारभाव त्याच्या खाली गेला तर फरक कंपनीला मिळतो, वर गेला तर कंपनीने फरक परत करायचा. युक्रेन युद्धाच्या आगेमागे विजेचे भाव गगनाला भिडले तेव्हा या कराराखालच्या प्रकल्पांनी खरंच पैसे परत दिले. मग एक पळवाट सापडली. करार नेमका कधी सुरू करायचा याची तारीख पुढे ढकलायची मुभा कंपनीला होती, म्हणून हॉर्नसी टू सारख्या समुद्रातल्या प्रचंड विंड फार्मने करार लगेच सुरू न करता वीज चढ्या बाजारभावाने विकली. कायदेशीर होतं, करारातच होतं. चांगल्या कल्पनेला एका कलमाने भोक कसं पडतं ते इथे दिसतं, आणि म्हणून मी म्हणतो की बातमीतल्या हेडलाईनपेक्षा करारातलं कलम वाचणाऱ्या माणसांची सरकारला जास्त गरज आहे. पण दाबायचं किती यालाही मर्यादा आहे, या करारांच्या 2023 च्या लिलावाच्या फेरीत सरकारने कमाल रेट इतका खाली ठेवला की समुद्रातल्या विंडसाठी एकही बोली आली नाही, एक अख्खं वर्ष वाया गेलं, पुढच्या वर्षी कमाल रेट वाढवल्यावर कंपन्या परत आल्या.

बसचं उदाहरण मला फार आवडतं कारण त्यात रिस्क वेगळी कशी करायची ते स्वच्छ दिसतं. चिलीची राजधानी सँटियागोमध्ये 2018-19 पासून इलेक्ट्रिक बस मोठ्या प्रमाणात आल्या, आता दोन हजारांच्या वर आहेत, चीनबाहेरच्या मोठ्या ताफ्यांपैकी एक. बस चालवणारे ऑपरेटर काही श्रीमंत नव्हते, त्यांना कोणी एवढं लोन दिलं नसतं. मग बसची मालकी एका वीज कंपनीने घेतली, चार्जरही तिनेच बसवले, ऑपरेटरने त्या भाड्याने घेऊन फक्त चालवायच्या. आणि बसच्या भाड्याचा हप्ता ऑपरेटरच्या हातात न देता वाहतुकीच्या सरकारी यंत्रणेकडून थेट पैसे लावणाऱ्याकडे जातो, ऑपरेटर बुडाला तर बस रस्त्यावरच राहते, नवीन ऑपरेटर तीच चालवतो, हप्ता चालू. म्हणजे ज्याने पैसे घातले त्याची ऑपरेटर बुडण्याची रिस्क काढून टाकली, पण बस नीट चालवायची, वेळेवर चार्ज करायची जबाबदारी चालवणाऱ्यावरच ठेवली. भारतात 2024 मध्ये केंद्राने 3,435 कोटींची एक पेमेंट सिक्युरिटी योजना मंजूर केली, 38 हजारांवर ई-बससाठी, त्यात हाच विचार दिसतो. पालिकेने किंवा परिवहन मंडळाने बसवाल्याचे पैसे थकवले तर या फंडातून दिले जाणार आणि नंतर राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून वळते करून घेणार. राज्यांना हे आवडत नाही, पण माझ्या मते ते योग्य आहे, हमी दिलीय ना मग ती आपोआप वसूल होणारी असली पाहिजे, नाहीतर तिला अर्थ काय.

इथपर्यंत सगळं ठीक, कारण वीज आणि बस यांना गिऱ्हाईक आहे, बिल आहे, तिकीट आहे. खरी अडचण सुरू होते ती हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या कामात, आणि इथे माझं मत अगदी ठाम आहे. पुराची भिंत, चक्रीवादळाचा निवारा, उष्णतेच्या लाटेचा इशारा, खारफुटी वाचवणं, यांचं बिल कोणाला पाठवणार? बांगलादेशात 1970 च्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली. त्यानंतर निवारे बांधले, स्वयंसेवक तयार केले, इशारा गावागावात पोचवायची यंत्रणा उभी केली, आणि आता तशाच ताकदीच्या वादळात मृत्यू काही डझनांत येतात, 2020 चं अम्फान हे त्याचं उदाहरण. जगात याच्यापेक्षा चांगला परतावा देणारी गुंतवणूक क्वचितच असेल, पण तो परतावा वाचलेल्या माणसांच्या रूपात येतो, कुठल्या कंपनीच्या खात्यात जमा होत नाही. त्यामुळे तिथे खाजगी पैसा येईल म्हणून वाट बघणं म्हणजे लोकांना मरू देणं आहे, मला हे सौम्य शब्दांत सांगता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या हिशोबाने 2022 मध्ये अशा कामांसाठी विकसनशील देशांना आंतरराष्ट्रीय सरकारी पैसा मिळाला 28 अब्ज डॉलरच्या आसपास, आणि तुटवडा वर्षाला 187 ते 359 अब्ज डॉलरचा. हा खड्डा अनुदानानेच भरावा लागेल.

यावर कोणी म्हणेल की श्रीमंत देशात तर धरणं-बंधाऱ्यातही पीपीपी होतातच की. होतात, आणि त्यांचाही अनुभव बघा. नेदरलँड्समध्ये आफ्स्लाउटडाइक नावाचा 32 किलोमीटरचा समुद्री बांध आहे, वाढत्या समुद्रासाठी तो मजबूत करायचं काम 2018 मध्ये एका खाजगी गटाला पीपीपी पद्धतीने दिलं. नंतर लक्षात आलं की लाटा आणि पाण्याच्या पातळीचे जे आकडे सरकारी बाजूने करारासाठी दिले होते तेच बरोबर नव्हते, डिझाईन बदलावं लागलं, खर्च वाढला, काम काही वर्षं लांबलं आणि बिल सरकारकडे आलं. पाणी ज्यांना जगात सगळ्यात जास्त कळतं त्यांच्याकडे हे झालं. हवामान बदलत असताना पुढच्या पंचवीस वर्षांची लाट किती उंच असेल हे करारात बांधून टाकणं अवघड आहे आणि ही रिस्क खाजगी कंपनी घेतच नाही, घेतली तर इतकी किंमत लावते की सरकारने स्वतः केलेलं परवडतं.

विम्याचं थोडं वेगळं आहे. जमैकाने वर्ल्ड बँकेमार्फत एक कॅटॅस्ट्रॉफी बाँड काढला, 15 कोटी डॉलरचा, वादळ ठरलेल्या तीव्रतेचं आलं तर गुंतवणूकदारांचे पैसे जमैकाला. 2024 च्या जुलैमध्ये बेरिल वादळाने नुकसान केलं पण हवेचा दाब करारात लिहिला होता तेवढा खाली गेला नाही, म्हणून एक पैसा मिळाला नाही, लोक चिडले आणि चिडणं साहजिक होतं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मेलिसा आलं, त्यात सगळ्या अटी बसल्या आणि पूर्ण 15 कोटी मिळाले. मेलिसाने केलेल्या नुकसानीपुढे ती रक्कम छोटीच, पण झटपट हातात येणारी. म्हणजे खाजगी पैसा संकटात उपयोगी पडतो, एका अरुंद खिडकीतून, ती खिडकी कुठे उघडते ते नीट माहीत असेल तरच. भिंत आणि निवाऱ्याची जागा तो घेऊ शकत नाही.

एक चलनाचा मुद्दा राहिला. बहुतेक कर्ज डॉलरमध्ये, कमाई स्थानिक चलनात, चलन घसरलं की हप्ता वाढतो. कंपनी हे थांबवू शकत नाही आणि गरीब देशाचं सरकारही एकटं थांबवू शकत नाही, म्हणून ही रिस्क मोठ्या विकास बँकांनी घ्यावी असं मला वाटतं, बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली 2022 पासून ब्रिजटाऊनच्या मांडणीत (त्यांच्या राजधानीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रस्तावात) हेच सांगतायत. त्या बँकांकडे वेळ आहे, अनेक देशांत रिस्क पसरवायची ताकद आहे. त्यांनी स्वतः सगळ्यात सुरक्षित कर्ज द्यायचं आणि अवघड भाग छोट्या सरकारांवर ढकलायचा हे बंद व्हायला पाहिजे.

आणि शेवटचं म्हणजे करार लोकांसमोर ठेवणं. सरकारच्या बाजूने टेबलावर बसणाऱ्या अधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली होते आणि समोरच्या बाजूला असतात फक्त हेच काम करणारे वकील आणि फायनान्सवाले, त्यामुळे सरकारकडे कायमस्वरूपी, चांगल्या पगाराची, शिकत राहणारी टीम पाहिजेच. ब्रिटनने 2012 मध्ये ग्रीन इन्व्हेस्टमेंट बँक काढून अशी माणसं जमवली होती, सरकारी पैसा लावून खाजगी पैसा ओढायचं काम ती करत होती, 2017 मध्ये ती 2.3 अब्ज पाउंडला एका ऑस्ट्रेलियन कंपनीला विकून टाकली आणि 2021 मध्ये सरकारला परत नवीन इन्फ्रास्ट्रक्चर बँक काढावी लागली. पण टीम चांगली असली तरी बाहेरच्या माणसाला कागद दिसले पाहिजेत. इथे नेहमी उत्तर मिळतं की व्यावसायिक गुप्तता आहे, सगळं उघडं केलं तर इन्व्हेस्टर येणार नाहीत. वर ज्या सीएफडी कराराबद्दल लिहिलं ना, त्याच्या प्रत्येक प्रकल्पाची नोंद ब्रिटनमध्ये सार्वजनिक रजिस्टरमध्ये असते, कुठला प्रकल्प, किती मेगावॅट, काय रेट ठरला, तारखा काय, कोणीही वेबसाईटवर जाऊन बघू शकतं. हॉर्नसीची तारीख पुढे गेली हे पत्रकारांना मांडता आलं आणि त्यावर जाहीर चर्चा झाली ती असे कागद उघडे असतात म्हणूनच, आणि एवढं उघडं असूनही त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये रेट परवडणारा होता तेव्हा त्याच कंपन्या परत बोली लावायला आल्या.